चेक परत आला? आधी हे गैरसमज दूर करा

नागपूरच्या इतवारी-गांधीबागेत उधारीचा व्यवहार अजूनही पुढच्या तारखेच्या चेकवर होतो. तो परत आला की लोक ऐकीव सल्ल्यावर विसंबतात आणि मोलाचे दिवस हातचे घालवतात.

गैरसमज: चेक बाऊन्स झाला की पोलीस पकडून नेतात.
वस्तुस्थिती: चेक न वटण्याचा, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या कलम १३८ चा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. तक्रार थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होते. पण शिक्षा किरकोळ नाही : २ वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही.

गैरसमज: कोरा चेक सही करून दिला, तर जबाबदारी नाही.
वस्तुस्थिती: सही तुमची असेल तर चेक देणे फेडण्यासाठीच दिला, असे न्यायालय धरून चालते. देणे नव्हते हे तुम्हालाच दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच सांगितले. सिक्युरिटी म्हणून चेक द्यावाच लागला, तर कशापोटी दिला ते लिहून घ्या.

गैरसमज: नोटीस घेतलीच नाही, तर केस उभी राहत नाही.
वस्तुस्थिती: योग्य पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने गेलेली नोटीस ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडून परत आली, तरी ती मिळाली असेच धरतात. उलट नोटीस घेण्यातच तुमचा फायदा आहे. मिळाल्यापासून १५ दिवसांत पूर्ण रक्कम चुकती केली, तर गुन्हाच घडत नाही. पैसे बँकेतूनच द्या, म्हणजे पुरावा राहतो.

गैरसमज: पैसे घ्यायचे आहेत, केस केव्हाही करू.
वस्तुस्थिती: चेक ३ महिन्यांत बँकेत लावा. तो परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्या. समोरच्याचे १५ दिवस संपले की एका महिन्यात तक्रार करा.

गैरसमज: चेक बाहेरगावच्या बँकेचा, म्हणजे केसही तिकडेच.
वस्तुस्थिती: दिग्रसला दाखल झालेल्या एका तक्रारीत चेक भंडाऱ्याच्या बँकेचा होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिग्रसच्या न्यायालयाला अधिकार नाही असे ठरवले. प्रकरण दिल्लीला गेले आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘दशरथ राठोड’ निकालात चेक देणाऱ्याच्या बँकेचे ठिकाण ग्राह्य धरले. वसुलीसाठी गावोगाव फिरण्याची पाळी आली, म्हणून २०१५ मध्ये कायदा बदलला. आता नागपूरच्या खात्यात लावलेल्या चेकची केस नागपुरातच चालते.

केस सुरू झाल्यावरही तडजोड करता येते, लोकअदालतीतही मिटवता येते. तरी खात्यात पैसे नाहीत हे दिसताच, चेकच्या तारखेआधी समोरच्याला सांगा आणि नवी मुदत लेखी ठरवा. चार ओळींच्या त्या कागदाने कित्येक वर्षांच्या तारखा वाचतात.