ढवळीच्या पायाच्या भेगा

पहाटे साडेपाच

खुराड्याचं दार उघडलं की अंडी मागाहून, आधी बदकांची चाल बघते. तेर गावच्या शिवारात आमचं शेत आहे, तिथं तीन बदकं पाळली आहेत. नर आणि एक मादी अंगणात धावत सुटतात. ढवळी उंबऱ्याशी थांबते. उजवा पाय टेकवते, उचलते, परत टेकवते. पंधरा दिवसांपूर्वी ती दिवसदिवस बसूनच असायची. त्या मानानं हे थांबत चालणंही मला मोठं वाटतं.

सहा

बोअरला पाणी असेपर्यंत टब भरून घ्यायचा. वीस लिटर सकाळी, वीस संध्याकाळी. बदकाला नुसतं प्यायला पाणी देऊन भागत नाही, अख्खं डोकं बुडेल एवढी खोली लागते. नाकपुड्या आणि डोळे ते पाण्यातच साफ करतं. आपल्याकडं बदकं कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. 2016 च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, ते कुणी विसरलेलं नाही. पण टबातलं गढूळ पाणी मी लिंबाच्या आणि शेवग्याच्या आळ्यात ओतते. झाडाला द्यायचंच होतं, ते बदकांच्या अंगावरून जातं एवढंच.

सात

आता ढवळीचे पाय. तिला पायाला धरून कधी उचलत नाही. बदकाचे पाय नाजूक, लगेच दुखावतात. दोन्ही पंख अंगालगत दाबून काखेत घेते आणि कोमट पाण्याच्या परातीत उभी करते. पाण्यात चमचाभर मीठ. पहिली दोन मिनिटं फडफड, मग ती गप्प उभी राहते. दहा मिनिटं झाली की मऊ ब्रशनं बोटांमधल्या पडद्यात अडकलेली माती काढते. सुटलेली कातडी ओढत नाही, खपली खरवडत नाही. पहिल्या आठवड्यात टाचेजवळच्या भेगेतून रक्त यायचं, तेव्हा पोव्हिडोन आयोडिन पाण्यात कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावत होते. आता त्याची गरज नाही.

पाय जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानं टिपून पुरते कोरडे करायचे आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. फक्त बोटच. पिसांना तेल लागलं तर ती पाणी धरायला लागतात आणि बदक भिजून गारठतं. नंतर पाव तास स्वच्छ भुशावर कोंडून ठेवते, म्हणजे लगेच मातीत जात नाही.

शेजारच्या काकू कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "काय गं, बदकाचे पाय चोळायलीस व्हय? राळेचं मलम लाव की, माझ्या टाचांच्या भेगा त्यानंच बुजल्यात."

"काकू, ती पाय चोचीनं साफ करते. लावलेलं सगळं पोटात जातंय."

म्हणून माणसाची मलमं मी लांब ठेवते. दुखणं बधिर करणारी तर मुळीच नाही, ती पक्ष्याला विषारी ठरू शकतात.

नऊ

खाणं. तळव्याची कातडी आतूनही भरून यावी लागते. अ जीवनसत्त्व किंवा बायोटिन कमी पडलं की ती खडबडीत होऊन फाटते. नायसिन तर बदकाला कोंबडीपेक्षा जास्त लागतं. पिल्लांना ते कमी पडलं तर पाय वाकतात. म्हणून नुसती ज्वारी बंद केली. आता शेवग्याचा पाला बारीक चिरून, थोडा लसूणघास आणि बदकांना चालेल असं तयार खाद्य. भुईमुगाची पेंड आमच्या घरात असते, पण ती देताना मी वास घेऊन, फोडून बघते आणि जराशी शंका आली तरी देत नाही. 1960 साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या पेंडीनं एक लाखाहून जास्त टर्की मेल्या, बदकांची पिल्लंही मेली. त्याचं कारण शोधतानाच अफ्लाटॉक्सिन सापडलं. बदकाचं यकृत त्या विषापुढं फार लवकर हार मानतं.

साडेबारा

भेगा पडल्या त्या इथं, या अंगणात. शहाबादी फरशी दुपारी एवढी तापते की आपण अनवाणी चालू शकत नाही, आणि मी बदकांना त्यावर सोडत होते. अंगातली उष्णता बदक पायांतूनही बाहेर टाकतं. त्या पायांखालीच तवा. फरशी संपली की मुरमाचे टोकदार खडे. त्यात खुराड्यात मी सोयाबीनची गुळी अंथरली होती, तिच्या काड्या सुईसारख्या टोचतात. तेल कितीही लावलं असतं तरी खालची जमीन तशीच राहिली असती तर काहीच साधलं नसतं.

आता फरशीवर भिजवलेली पोती आणि वर हिरवी जाळी आहे. खुराड्यात गव्हाचा भुसा, रोज ओला भाग काढून टाकलेला. तिघंही माना पंखात खुपसून लिंबाखाली पडली आहेत.

पाच

दुसरा टब. ढवळी स्वतःहून आत गेली. ती पोहताना मागून तळवे दिसतात: डाव्या पायाची भेग मिटली आहे, तिथं नवी फिकी नारिंगी कातडी आली आहे. उजव्या पायाच्या मधोमध दाबून पाहिलं. गरम नाही, सुजलेलं नाही, काळी खपली नाही. तसं काही असलं तर आत पू धरलेला असतो आणि ते घरी कापायचं काम नाही, पाटीत घालून थेट पशुवैद्यकीय दवाखाना गाठायचा. रोजचं दाबून बघणं त्याच्यासाठीच.

साडेसात

तिघांना मोजून आत घेते. ढवळी उंबऱ्याशी थांबली, पण पाय उचलला नाही. उद्या सकाळी वीज नाही म्हणून दोन हंडे आत्ताच भरून झाकून ठेवले.