जुन्या तेलक्षेत्राची थकबाकी

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात, अमेरिकेच्या सरहद्दीपासून फारशा दूर नसलेल्या गव्हाच्या सपाट मुलखात, वेबर्न नावाचे जे तेलक्षेत्र 1954 साली सापडले, त्याच्या उदरात आरंभी सुमारे 140 कोटी पिंपे तेल असावे असा भूवैज्ञानिकांचा अदमास आहे; आणि तरीही विसावे शतक सरतेवेळी, जवळजवळ अर्धशतकाच्या अखंड उपशानंतर, त्यातला जेमतेम पाव हिस्सा वर आला होता. तेलक्षेत्र जुने झाले, आटत चालले, असे आपण ऐकतो, तेव्हा तिथल्या खडकात बहुधा निम्म्याहून अधिक तेल शिल्लकच असते.

ते अडून का राहते, हे समजण्यासाठी भूगर्भातल्या तळ्याचे लोकप्रिय चित्र प्रथम डोळ्यांपुढून दूर सारले पाहिजे. तेल वसते ते खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत. प्रारंभी ते भूगर्भातल्या स्वाभाविक दाबाने वर येते, दाब ओसरला की विहिरींतून पाणी कोंबून त्याला पुढे ढकलतात. वेबर्नला हा उपाय 1964 पासून सुरू झाला. परंतु तेलकट पातेले नुसत्या पाण्याने कितीही विसळले तरी त्याचा ओशटपणा जात नाही, तसेच येथेही होते: पृष्ठताणामुळे तेलाचे थेंब छिद्रांच्या अरुंद मुखांशी अडकून बसतात आणि पाणी त्यांना वळसा घालून निघून जाते. वेबर्नच्या खडकाला दोन थर आहेत. खालचा, मोठ्या पोकळ्यांचा चुनखडक पाण्याने बऱ्यापैकी धुऊन काढला; वरच्या, बारीक छिद्रांच्या डोलोमाइटातले तेल मात्र जागचे फारसे हलले नाही.

येथे कार्बन डायऑक्साइडचे काम सुरू होते. हा वायू 31 अंश सेल्सियसच्या वर आणि वातावरणाच्या सुमारे 73 पट दाबाखाली नेला, की वायू आणि द्रव हा भेदच मावळतो. द्रवासारखी घनता आणि वायूसारखी प्रवाहिता अशी ती विलक्षण अवस्था असते. वेबर्नचा तेलधारी खडक सुमारे 1,450 मीटर खोल असल्याने तिथे ही उष्णता व हा दाब सहज लाभतो. या अवस्थेतला वायू तेलात मुरतो, तेल फुगते, पातळ होते आणि अखेर दोहोंमधली सीमाच पुसली जाऊन पृष्ठताण नाहीसा होतो. शिवाय पाण्याहून हलका असल्यामुळे तो आपसूकच वरच्या थराकडे, म्हणजे नेमका राहिलेल्या तेलाकडे, चढतो. मात्र अतिशय पातळ असल्याने तो तेलाला मागे टाकून थेट उत्पादक विहिरीकडे धाव घेतो. सबब पुष्कळ ठिकाणी वायू आणि पाणी आलटून पालटून सोडतात. तेलाबरोबर वर आलेला वायू वेगळा काढून पुन्हा खाली पाठवला जातो; असा तो अखेर खडकातच पुरला जातो, म्हणून या पद्धतीच्या नावे पर्यावरणाचे पुण्यही सांगितले जाते.

हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर प्रथम झाला तो 1972 साली, टेक्सासच्या स्करी परगण्यात. त्यासाठीचा वायू नैसर्गिक वायू शुद्ध करणाऱ्या कारखान्यांचा टाकाऊ माल होता. पुढे मागणी वाढली, तेव्हा मात्र कोलोरॅडोतल्या भूगर्भात लक्षावधी वर्षे निमूट पडून राहिलेला कार्बन डायऑक्साइड उपसून सुमारे 800 किलोमीटर नळातून टेक्सासला आणण्यात आला. एका ठिकाणी पुरलेला वायू उकरून दुसरीकडे पुरण्याच्या या उद्योगाचे पर्यावरणाचे पुण्य कोणत्या खात्यावर जमा करायचे, हे मला तरी उमगलेले नाही.

वेबर्नची गोष्ट निराळी. तिथला वायू उत्तर डाकोटातल्या बूला गावानजीकच्या कारखान्याचा. लिग्नाइट कोळशापासून इंधनवायू बनवणारा हा कारखाना 1984 साली सुरू झाला. वर्षभरातच मालकांनी हात वर केले आणि तो अमेरिकी सरकारच्या पदरात पडला. त्याच्या धुरांड्यातून हवेत जाणारा वायू 2000 सालापासून 330 किलोमीटर नळातून सरहद्द ओलांडू लागला. तो खाली राहतो की नाही, याची तहकिकात भूकंपलहरींच्या वारंवार मोजणीने बारा वर्षे चालली. 2011 साली एका शेतकरी कुटुंबाने आपल्या जमिनीत वायू झिरपत असल्याची तक्रार केली, तेव्हा स्वतंत्र चौकशीअंती तो मातीतल्या जीवव्यापाराचाच ठरला.

आता जमाखर्च. मूळ आराखड्यात 13 कोटी पिंपे जादा तेल आणि 2 कोटी टन वायूची साठवण धरली होती. एक पिंप तेल जाळल्यास सुमारे 0.43 टन कार्बन डायऑक्साइड निघतो; म्हणजे त्या तेलातून साडेपाच कोटी टनांहून अधिक. हे तेल न निघते तर दुसरीकडचे जळालेच असते, हा तेलवाल्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही, पण पूर्ण खराही नाही, कारण बाजारात आलेले प्रत्येक जादा पिंप भाव थोडा तरी उतरवते आणि उतरलेला भाव खप वाढवतो. शिवाय विकत घेतलेला वायू हा तेलवाल्याच्या दृष्टीने खर्चाचा जिन्नस असल्याने, कमीत कमी वायूत जास्तीत जास्त तेल काढणे हेच त्याच्या अभियंत्याचे कौशल्य ठरते. वायू निव्वळ पुरण्यासाठी टनामागे 20 डॉलर आणि तेलासाठी वापरून पुरल्यास 10 डॉलर, अशी जी करसवलत अमेरिकेने 2008 साली ठेवली, तिच्यातल्या तफावतीमागे हा विचार असावा. 2025 च्या कायद्याने ती तफावत काढून टाकली.