जुन्या स्कॅनरचे नवे कान

रेडिओ स्कॅनर हा फक्त ऐकण्याचा संच. त्यात भरून ठेवलेल्या फ्रिक्वेन्सी तो एकामागून एक चाचपतो आणि जिथे कोणी बोलत असेल तिथे थांबतो. १९७०च्या दशकातल्या अमेरिकी स्कॅनरमध्ये प्रत्येक चॅनेलसाठी वेगळा क्रिस्टल विकत घेऊन बसवावा लागे. मायक्रोप्रोसेसर आल्यावर ही कटकट संपली. त्या नव्या पिढीतला, रेडिओ शॅक या अमेरिकी दुकान-साखळीने विकलेला, जपानी बनावटीचा ‘रिॲलिस्टिक प्रो-२००४’ छांदिष्टांचा विशेष लाडका. ३०० चॅनेल, २५ ते ५२० आणि ७६० ते १३०० मेगाहर्ट्‌झचा आवाका, आणि स्क्रू काढले की आत हात घालायला भरपूर जागा.

असा संच हाती आला की थेट प्लग लावू नये. अमेरिकी संच १२० व्होल्टचा असतो. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरविना तो जळेल. चॅनेलची आठवण टिकवणारी ९ व्होल्टची बॅटरी पाझरली आहे का, हे आधी पाहावे. खरा जुनाट रोग असतो इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांचा. त्यांच्यातला द्रव वर्षानुवर्षांत सुकतो, मग स्पीकरमधून घरघर येते किंवा आवाज क्षीण होतो. बदली कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तितक्याच किंवा जास्त व्होल्टचा घ्यावा आणि अधिक-उणे टोके तपासूनच सोल्डर करावा. आवाजाचे आणि स्क्वेल्चचे (सिग्नल नसताना खरखर दाबणारे) बटण फिरवताना खरखरत असेल, तर काँटॅक्ट क्लीनरचा फवारा बहुधा पुरतो. मोजणीची उपकरणे नसतील तर कॉइलच्या गाभ्यांना मात्र हात लावू नये. एकदा बिघडलेले ट्यूनिंग अंदाजाने परत जमत नाही.

दुरुस्तीनंतर येतात फेरफार, आणि प्रो-२००४ची ख्याती त्यांच्यामुळेच. त्या काळचे मोबाइल फोन ॲनालॉग होते, त्यांवरचे संभाषण स्कॅनरवर सरळ ऐकू येई. १९८६च्या अमेरिकी कायद्याने ते चोरून ऐकणे गुन्हा ठरवले. मोबाइलच्या फ्रिक्वेन्सी या संचात रोखलेल्या होत्या, पण एका छोट्या डायोडच्या आधाराने. डी-५१३ हा डायोड कापला की त्या खुल्या होत. दुसऱ्या एका रिकाम्या जागी डायोड जोडला की ३०० चॅनेलांचे ४०० होत. अमेरिकी छांदिष्ट बिल चीक यांनी अशा फेरफारांवर पुस्तकेच लिहिली. पुढे १९९४पासून अमेरिकेत मोबाइलच्या फ्रिक्वेन्सी ऐकणारे स्कॅनर बनवण्यावरच बंदी आली, आणि २००८ नंतर तिथले ॲनालॉग मोबाइल जाळे मोडीत निघाले. त्यामुळे डी-५१३ची कापाकापी आता केवळ इतिहास आहे.

आजही मोलाचा फेरफार म्हणजे डिस्क्रिमिनेटर टॅप. एफएम उलगडणाऱ्या आयसीच्या पिनमधून, आवाजाच्या फिल्टरांपर्यंत पोचण्याआधीच, कच्चा सिग्नल एका वायरीने बाहेर काढतात. स्पीकरकडे जाताना फिल्टर सिग्नलचे कंगोरे घासून टाकतात. डिजिटल संदेश उलगडायला नेमके तेच कंगोरे लागतात. ही वायर संगणकाच्या साउंड कार्डला जोडली की सॉफ्टवेअर बाकीचे काम करते. ॲनालॉग जमान्यातला हा डबा त्यामुळे अनेक डिजिटल रेडिओ यंत्रणाही ऐकू शकतो. सांकेतिक कुलूप लावलेले संभाषण मात्र टॅपने उघडत नाही. विमानांचे ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झवरचे बोलणे अजून एएममध्येच चालते. ते पकडायला कोणताही फेरफार लागत नाही. काय ऐकायला परवानगी आहे, हे मात्र त्या त्या देशाच्या कायद्यानुसार ठरते.