जुन्या लॅपटॉपवर इन्स्टॉलेशन अडकलं तर?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. घरातले दहा-बारा वर्षांपूर्वीचे लॅपटॉप त्यात बसत नाहीत. मग भंगारात कशाला द्यायचा, लिनक्स टाकू, असं पुष्कळजण ठरवतात. उबुंटू, मिंट, नाहीतर ज्या सी-डॅकचं मुख्यालय आपल्या पुण्यात आहे त्यांची बॉस. पेनड्राइव्ह लावला, सुरुवात छान झाली, आणि पट्टी मध्येच थांबली. आता?

बहुतेक लोक लगेच पॉवरचं बटण दाबून धरतात. ते सगळ्यात शेवटी. आधी बघायचं, की काम थांबलंय की नुसतं हळू चाललंय. जुन्या हार्ड डिस्कवर तासभरही लागू शकतो. डिस्कचा दिवा लुकलुकतोय का ते बघा. मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये पट्टीजवळ छोटा बाण असतो, तो दाबला की आत काय चाललंय ते अक्षरांत दिसतं. डेबियनमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एफ४ दाबा. ओळी पुढे सरकत असतील, तर चहा घेऊन या.

ओळीही थांबल्या असतील, तर गाडी कुठे अडली त्यावरून कारण शोधायचं.

सुरुवातीलाच काळा पडदा आला, तर बऱ्याचदा ग्राफिक्सची अडचण असते. उबुंटूच्या पहिल्या मेन्यूत 'सेफ ग्राफिक्स' असतं, मिंटमध्ये 'कम्पॅटिबिलिटी मोड'. तो निवडा. लॅपटॉप फारच जुना, ३२ बिटचा असेल, तर आजचं उबुंटू त्यावर चालणारच नाही. २०१७ च्या १७.१० आवृत्तीपासून त्यांनी डेस्कटॉपची ३२ बिट प्रत देणं बंद केलं.

फाइली कॉपी होताना दर वेळी त्याच जागी अडत असेल, तर संशय पेनड्राइव्हवर. डाउनलोड केलेल्या फाइलचा चेकसम वेबसाइटवरच्या आकड्याशी जुळवून बघा. दर वेळी वेगळ्या जागी अडत असेल, तर रॅम किंवा उष्णता. पंख्यातली धूळ काढा आणि मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवा. पॅकेज डाउनलोड होताना अडलं, तर वायफाय बंद करून इन्स्टॉल करा, अपडेट नंतर घेता येतात. अगदी शेवटी, बूटलोडरपाशी अडलं, तर पेनड्राइव्ह यूईएफआयमध्ये सुरू झाला होता की जुन्या लेगसी पद्धतीत, ते तपासा. दोन्हींची सरमिसळ चालत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्या ओळींत 'आय/ओ एरर' दिसलं, तर बहुधा डिस्क, नाहीतर पेनड्राइव्ह खराब होतोय. एरर कोणाच्या नावानं आहे ते वाचा. डिस्कच्या नावानं असेल, तर पुन्हा इन्स्टॉल करून बघू, हा मोह टाळा. मुलांचे लहानपणचे फोटो, वडिलांची कागदपत्रं यांची एकुलती एक प्रत त्याच डिस्कवर असते, आणि मरायला टेकलेल्या डिस्कला प्रत्येक प्रयत्न महाग पडतो.

'इरेज डिस्क' निवडून झालं असेल, तरीही सगळं संपलं असं नाही. साध्या हार्ड डिस्कवर आधी फक्त विभागांची नोंद बदलते, जुन्या फाइली बऱ्याच अंशी जागेवर असतात. नवं काही लिहिलं गेलं, की त्या पुसल्या जातात. म्हणून तिथंच थांबा. पेनड्राइव्हवरून लाइव्ह पद्धतीनं लॅपटॉप सुरू करा, फोटोरेकसारखं साधन चालवा आणि सापडेल ते दुसऱ्या डिस्कवर उतरवा. एसएसडी असेल तर आशा कमी, कारण ती रिकामी ठरलेली जागा स्वतःच साफ करते.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा: आधी बॅकअप, मग डिस्कची स्मार्ट तपासणी, आणि त्यानंतर इन्स्टॉलेशन. आणि अडलंच, तर एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि चालू झालं, तर नेमकं काय बिघडलं होतं ते कळत नाही. पुढच्या वेळी मग पुन्हा पहिल्यापासून.