पारा, मुसळे आणि कोलारची माती

फलटणला सोनारांच्या दुकानांमागे एक उघडी गटार होती. लहानपणी तिथे झारेकरी बायांना गाळ उपसताना मी पाहिले आहे. कानशीने घासताना निसटलेले, झाडूबरोबर बाहेर गेलेले सोन्याचे कण त्या गाळात असत. बाया तो पसरट परातीत घेत, पाणी घालून हेलकावे देत. हलकी माती वाहून जाई, जड ते तळाशी राही. मग त्यात पारा. पारा सोन्याला धरतो, मातीला धरत नाही. तो गोळा फडक्यात पिळून निखाऱ्यावर ठेवला, की पारा धूर होऊन जातो आणि सोने उरते. तो धूर छातीत कुठवर जातो, हे त्या बाईला कोणी सांगितले नसावे.

पुढे कोलारच्या सोन्याच्या खाणी पाहायला गेलो, तेव्हा हीच कृती राक्षसी आकारात समोर आली. १८८० च्या सुमारास लंडनच्या जॉन टेलर आणि कंपनीने तिथे खाणी चालवायला घेतल्या. यंत्रे आणि मुकादम इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचे. खडक पिंजऱ्यातून वर येई, मग त्याचा भुगा करावा लागे. तो करणारी गिरणी म्हणजे आपले उखळ आणि मुसळच: जड लोखंडी मुसळांची रांग फिरत्या दांड्यावरच्या खुंट्यांनी उचलली जाई आणि आपल्याच वजनाने खाली आदळे. हा चिखल पारा चोळलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून वाहवत नेत. सोने पत्र्याला चिकटे. जे निसटे, ते टाक्यांतल्या सायनाइडच्या पाण्यात विरघळवून जस्ताच्या चुऱ्याने पुन्हा खाली बसवत. उरलेली माती बाहेर टाकत. तिचे डोंगर आजही गावाला वेढून उभे आहेत आणि वारा सुटला की घराघरांत शिरतात.

या यंत्रांसाठी १९०२ साली कावेरीवरच्या शिवनसमुद्राहून सुमारे दीडशे किलोमीटर तारा ओढून वीज आणली. यंत्रांना वीज मिळाली. माणसांच्या वस्तीला मात्र चटया आणि पत्र्याच्या खोल्या. ही माणसे कोण होती? बहुसंख्य उत्तर अर्काटकडची तमिळ अस्पृश्य, मुख्यतः परैयर. गावच्या जमीनदारापासून सुटायला ती जमिनीच्या पोटात उतरली. चॅम्पियन रीफ खाण शेवटी तीन किलोमीटरांहूनही खोल गेली. तिथे खडक इतका तापलेला असतो की हात टेकवत नाही आणि वरच्या भाराने तो अचानक फुटतो. (त्याच खाणीत १९६५ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी, परदेशी सहकाऱ्यांबरोबर, वातावरणात जन्मणारे न्यूट्रिनो टिपले. हे पाठ्यपुस्तकांत येते. सुरुंगाचे भोक पाडणारा येत नाही.)

भोक पाडताना उडणारी गारगोटीची धूळ फुप्फुसात बसते आणि तिथे व्रण धरते. हा सिलिकोसिस. १९४० ते १९४६ या काळात साडेसात हजारांवर कामगारांची तपासणी झाली, तेव्हा दर दहांत चारांहून अधिक माणसे या रोगाची निघाली. पारा धूर होऊन बाईच्या छातीत, खडक धूळ होऊन पुरुषाच्या छातीत. सोने मात्र दोन्हीकडे शुद्ध!

पण ही माणसे केवळ सोसणारी होती, असे लिहिणे खोटे होईल. सोने चोरतील या संशयाने कंपनीने अंगठ्याच्या ठशांची नोंदणी लादली, तेव्हा १९३० साली हजारोंनी काम बंद केले. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींचे ठसे सरकार कसे घेई, हे आपल्याकडच्या वाचकांना सांगायला नको. त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. पंडित अयोतिदास यांनी १८९८ मध्ये मद्रासला शाक्य बौद्ध संघ काढला. त्याची शाखा कोलारच्या खाणकामगारांत रुजली आणि त्यांचे 'तमिळन' हे पत्र, १९१४ मध्ये ते वारल्यानंतर, पुढे काही वर्षे कोलारहूनच निघत राहिले. म्हणजे नागपूरच्या १९५६ च्या दीक्षेआधी कितीतरी वर्षे खाणीतून वर आलेला मजूर अंघोळ करून बुद्धविहाराकडे वळत होता. आपल्या चळवळीच्या इतिहासात हे पान जवळजवळ कोरे आहे.

खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. त्यांची वारसा म्हणून जपणूक करावी, असे अधूनमधून बोलले जाते. यंत्रे, मनोरे, साहेबांचे बंगले, क्लब. जपावेत, माझी हरकत नाही. पण जी खोली एका कुटुंबाची होती ती, मुसळाइतकीच, जपली पाहिजे. आणि तो विहारही. अयोतिदासांचे लेख १९९९ साली तमिळमध्ये संकलित होऊन निघाले आहेत. मला तमिळ येत नाही. ज्याला दोन्ही भाषा येतात, अशा कोणीतरी ते मराठीत आणायला हवेत.