मास इन बी मायनर (बाख)

मास इन बी मायनर ही जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) याने कॅथलिक मिस्सेच्या लॅटिन पाठावर केलेली स्वररचना आहे. गायनवृंद, एकल गायक आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेली ही कृती बरोक काळातील श्रेष्ठ संगीतकृतींपैकी एक मानली जाते. बाखच्या कृतींच्या सूचीत तिचा क्रमांक बीडब्ल्यूव्ही २३२ असून तिच्या सादरीकरणास साधारणतः पावणेदोन तास लागतात. तिची अंतिम जुळणी १७४८–४९ मध्ये पूर्ण झाली. मात्र तिच्यातील संगीत सुमारे पस्तीस वर्षांच्या कालखंडातील आहे.

पार्श्वभूमी

मिस्सेच्या पाठातील काही भाग दिवसानुसार बदलतात, तर किरिये, ग्लोरिया, क्रेडो, सांक्तुस आणि आन्यूस देई हे पाच भाग कायम असतात. संगीतकार सामान्यतः हेच पाच भाग स्वरबद्ध करतात. बाख स्वतः ल्युथरन पंथाचा होता आणि १७२३ पासून लाइपझिग येथील सेंट थॉमस चर्चचा संगीतप्रमुख होता. ल्युथरन उपासनेत जर्मन भाषेला प्राधान्य असले, तरी किरिये आणि ग्लोरिया लॅटिनमध्ये गाण्याची प्रथा टिकून होती. या कृतीतील सांक्तुस हा भाग बाखने १७२४ च्या नाताळासाठी रचला होता.

सॅक्सनीची प्रजा ल्युथरन, तर राजघराणे कॅथलिक होते. १७३३ मध्ये फ्रीडरिख आउगुस्ट दुसरा हा सॅक्सनीचा शासक झाला. त्याच वर्षी २७ जुलै रोजी बाखने किरिये आणि ग्लोरिया त्याला अर्पण करून दरबारी संगीतकाराच्या पदवीसाठी विनंती केली. दोन्ही पंथांच्या उपासनेत चालणारा हा पाठ त्या प्रसंगास अनुरूप होता. ही पदवी बाखला १७३६ मध्ये मिळाली.

स्वरूप

बाखच्या हस्तलिखिताचे चार विभाग आहेत : किरिये व ग्लोरिया, क्रेडो, सांक्तुस, आणि ओसान्नापासून अखेरपर्यंतचा भाग. संपूर्ण कृतीला त्याने एकच नाव दिलेले नाही. गायनवृंद बहुतांश पाच स्वरभागांचा आहे; सांक्तुसमध्ये ते सहा, तर ओसान्नामध्ये आठ होतात. वाद्यवृंदात तंतुवाद्यांबरोबर बासरी, ओबो, बसून, ट्रम्पेट आणि टिंपनी यांचा समावेश आहे. आरंभीचा किरिये बी मायनरमध्ये असल्याने कृतीला हे नाव मिळाले; प्रत्यक्षात ट्रम्पेट असलेली भव्य वृंदगीते प्रामुख्याने डी मेजरमध्ये आहेत.

जुन्या संगीताचा पुनर्वापर

या कृतीतील अनेक भाग बाखने आपल्याच पूर्वीच्या रचनांवरून घडवले. क्रेडोच्या मध्यभागी असलेले, ख्रिस्ताच्या क्रूसावरील मृत्यूविषयीचे ‘क्रूसिफिक्सुस’ हे वृंदगीत १७१४ मध्ये वायमार येथे रचलेल्या एका जर्मन कॅंटाटावर आधारित आहे. मूळ गीतात अश्रू आणि विलाप यांचे वर्णन होते. खर्जातील चार मात्राखंडांची, अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरणारी ओळ त्यात बारा वेळा येते. मिस्सेसाठी बाखने तिचे तेरावे आवर्तन जोडले. त्यात वरची वाद्ये थांबतात, आवाज मंद होत खाली उतरतात आणि मायनरमधील संगीत मेजरमध्ये विसावते. लगेच पुढील वृंदगीतात पुनरुत्थानाचा घोष ट्रम्पेटांसह सुरू होतो. जुन्या संगीताची केवळ नक्कल न करता नव्या पाठाच्या अर्थानुसार त्याला नवे रूप देण्याची बाखची पद्धत येथे स्पष्ट दिसते.

शांतीची याचना करणारे अखेरचे ‘दोना नोबिस पाचेम’ हे गीत ग्लोरियातील कृतज्ञतेच्या वृंदगीताच्याच संगीतावर बेतलेले आहे. त्यामुळे आधीच्या आणि अखेरच्या विभागांत दुवा साधला जातो.

सादरीकरण आणि वारसा

बाखच्या हयातीत ही कृती संपूर्ण सादर झाल्याची नोंद नाही. तिच्या विस्तारामुळे ती नेहमीच्या उपासनेत बसणारी नव्हती. ती कोणत्या हेतूने पूर्ण केली गेली, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आपल्या गायनरचनांचे सार एकत्र आणण्याचा हा प्रयत्न असावा, असे एक मत आहे. बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल बाख याने १७८६ मध्ये हॅम्बुर्ग येथे क्रेडो सादर केला. कृतीचा पहिला भाग १८३३ मध्ये आणि उर्वरित भाग १८४५ मध्ये छापला गेला. बाखचे हस्तलिखित बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात असून २०१५ मध्ये युनेस्कोने त्याचा ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत समावेश केला.