जुन्या संगणकाचा कोणता भाग बदलावा?

खेड्यातील शाळेस संगणक मिळण्याचा एक मार्ग म्हणजे माजी विद्यार्थ्याने दिलेली देणगी होय. शहरात नोकरीस असलेला एखादा तरुण नवा संगणक घेतो, आणि दहा वर्षांपूर्वी खेळ खेळण्यासाठी हौसेने जुळवून घेतलेला जुना संगणक गावच्या शाळेस देतो. यंत्र दिसावयास भारदस्त असते. परंतु ते सुरू होण्यास पाच-पाच मिनिटे लागतात, चित्रफीत अडखळते, मुलांची तासिका वाट पाहण्यातच संपते, आणि काही आठवड्यांत यंत्रावर कापडी आच्छादन पडते ते कायमचेच. पुढे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय निघतो, लोकवर्गणीतून थोडी रक्कम जमते, आणि ती कोणत्या भागावर खर्च करावी हे ठरविण्याचे काम शिक्षकावर येते. ही रक्कम चुकीच्या भागावर गेली, तर यंत्र होते तसेच राहते आणि पुन्हा वर्गणी मागण्यास तोंड राहत नाही. यास्तव या निर्णयाची रीत शिक्षकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

मूळ तत्त्व

शेतातील पाट कितीही रुंद असला, तरी जेथे तो सर्वात अरुंद असेल तेथून जाईल तितकेच पाणी पुढे जाते. इतरत्र पाट रुंद करणे व्यर्थ होय. संगणकाचेही तसेच आहे. त्याचा वेग सर्वात संथ भागावर अवलंबून असतो. म्हणून ‘कोणता भाग चांगला मिळतो?’ हा प्रश्न प्रथम विचारू नये. ‘काम कोठे अडते?’ हा विचारावा.

भागांची ओळख

वर्गातील उदाहरण घेतले असता हे भाग सहज ध्यानात येतात. प्रोसेसर हा काम करणारा शिक्षक. रॅम हे त्याच्या पुढ्यातील मेज. चालू कामाची पुस्तके त्यावर असतात. हार्ड डिस्क हे भिंतीकडील कपाट. सर्व पुस्तके कायमची त्यात राहतात. ग्राफिक्स कार्ड हा फळ्यावर चित्रे काढणारा मदतनीस होय. मेज लहान असले, की शिक्षकास वरचेवर कपाटाकडे जावे लागते, आणि कपाट उघडण्यास वेळ लागत असेल, तर हुशार शिक्षकही खोळंबून राहतो.

तपासणी

खर्चापूर्वी बिनखर्चाची तपासणी करावी. संगणक बंद करून, वीजजोडणी काढून, आतील धूळ मऊ ब्रशने साफ करावी. धुळीने पंखा व जाळी भरली, की प्रोसेसर तापतो आणि स्वतःच्या रक्षणासाठी आपला वेग आपणच कमी करतो. घड्याळ वारंवार मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील सीआर २०३२ जातीचा ३ व्होल्टचा बटणसेल संपलेला असतो. तारीख चुकीची असल्यास इंटरनेटवरील अनेक संकेतस्थळे उघडत नाहीत, आणि दोष मात्र यंत्राच्या वयावर ढकलला जातो.

त्यानंतर संगणक चालू करून नेहमीचे काम सुरू ठेवावे व ‘टास्क मॅनेजर’ उघडावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या असता विंडोजमध्ये तो उघडतो. प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांवर किती टक्के भार आहे, हे त्यात दिसते. प्रथम मेमरी पाहावी. ती काठोकाठ भरली असेल, तर मावत नसलेली माहिती संगणक डिस्कवर नेऊन ठेवतो, आणि मग डिस्कही गुंतलेली दिसते. अशा वेळी रॅम वाढवावी. मेमरीत पुरेशी जागा असूनही डिस्क शंभर टक्क्यांवर खिळली असेल, तर दोष डिस्कचा समजावा.

एक उदाहरण

समजा, देणगीच्या यंत्रात २०१४ सालचा चौथ्या पिढीचा इंटेल कोअर आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, त्याच काळातील ग्राफिक्स कार्ड आणि जुनी हार्ड डिस्क आहे. दुकानदार नवे ग्राफिक्स कार्ड सुचवील. परंतु पाठाच्या चित्रफिती, टंकलेखन व ‘दीक्षा’वरील साहित्य यांस जुने कार्ड पुरेसे आहे. अडते ते डिस्कपाशी. हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरतात आणि वाचणारा काटा जागोजागी सरकतो. प्रत्येक वेळी सुमारे १० मिलिसेकंद जातात. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने हे काम सुमारे दशांश मिलिसेकंदात होते, म्हणजे शंभरपट लवकर. सबब प्रथम २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी घ्यावी आणि जुनी डिस्क साठवणीसाठी ठेवावी. रॅम घेताना प्रकार पाहावा. डीडीआर-३ च्या खाचेत डीडीआर-४ ची पट्टी बसत नाही.

खेळांसाठी

गावातील मुलेही आपल्या संगणकाविषयी शिक्षकाचा सल्ला घेतात. खेळ अडखळत असेल, तर पडद्याची सूक्ष्मता १९२० × १०८० वरून १२८० × ७२० करून पाहावी. गती वाढली, तर ग्राफिक्स कार्ड अपुरे आहे. फरक पडला नाही, तर बहुधा प्रोसेसर अपुरा आहे. नवे कार्ड घेण्यापूर्वी एसएमपीएसची क्षमता तपासावी. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डास ७५ वॅटपर्यंतच वीज मिळते. अधिक लागल्यास एसएमपीएसमधून वेगळी तार द्यावी लागते.

कोठे थांबावे

प्रोसेसर बदलावयाचा झाल्यास बहुधा मदरबोर्ड व रॅमही बदलावी लागते. ती दुरुस्ती नसून नवी खरेदीच होय. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. अशा यंत्रावर उबुंटूसारखी विनामूल्य लिनक्स प्रणाली बसविली असता ते आणखी काही वर्षे सुरक्षितपणे उपयोगी पडते. प्रणाली बदलण्यापूर्वी शाळेच्या नोंदींची प्रत अन्यत्र काढून ठेवावी. वीज वारंवार जात असेल, तेथे कोणत्याही नव्या भागाआधी यूपीएसचा विचार करावा.

एका वेळी एकच भाग बदलावा, पूर्वी व नंतर यंत्र सुरू होण्यास लागलेला वेळ घड्याळ लावून नोंदवावा, आणि ती नोंद समितीपुढे ठेवावी. आपला पैसा कोठे गेला व त्याने काय साधले, हे गावकऱ्यांस आकड्यांत दिसले, म्हणजे पुढील मदतीचा मार्ग मोकळा राहतो. आणि आच्छादनाखालील यंत्र पुन्हा मुलांच्या हाती येते.